पांगुळगाडा : एका खेळण्याचा इतिहास आणि एका नवशिक्याची सुतारकी



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा संयोजकांनी माझ्यासाठी एक विषयही सुचविला होता : ‘सीमाभागातील मराठी : काल, आज आणि उद्या’. या विषयावर मी गेल्या तीस वर्षांत इतक्या व्यासपीठांवरून बोललो आहे की, आता श्रोत्यांना माझी पुढची वाक्ये माझ्याआधी सुचतात. म्हणून संयोजकांची क्षमा मागून मी आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे लाकडी पांगुळगाडा. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढचे बहुतेक जण तो धरूनच चालायला शिकले असतील. गेल्या वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मी माझ्या नातीसाठी असा एक गाडा स्वतःच्या हाताने करायला घेतला आणि त्या खटाटोपात मला माझ्या विषयाचे, म्हणजे भाषेचे आणि इतिहासाचे, काही धडे नव्याने गिरवावे लागले. त्यांचा हा वृत्तान्त आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मी सुताराचा मुलगा. औराद तालुक्यातील आमच्या गावात वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, बलुत्याचे काम होते. नांगर, तिफण, कुळव, बैलगाडीची चाके हे वर्षभराचे काम. खळे झाले की ज्वारी घरी यायची. असे असूनही गेल्या वर्षापर्यंत मी वाकस हातात धरलेला नव्हता. लहानपणी एकदा पटाशीला हात लावला तेव्हा अण्णांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाले, “ठिव तिथं. तुझं हत्यार येगळं हाय.” ते रागाने बोलले नव्हते. त्या वाक्यामागे किती वर्षांचा विचार होता हे तेव्हा कळण्याचे माझे वय नव्हते. मी लेखणी धरली, शिकत गेलो आणि पुढे तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाला बलुतेदारांच्या शब्दसंपदेवर पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यातील सुतारकामाच्या प्रकरणाचे प्रमुख निवेदक अण्णाच होते. ते खाली बसून लाकूड तासत आणि मी बाजेवर बसून पत्रांवर शब्द टिपत असे. आज ते चित्र आठवले की मला थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रथम शब्दाकडे पाहू. पांगूळ म्हणजे ज्याचे पाय चालत नाहीत तो. म्हणजे नुकते उभे राहू लागलेले मूल आपल्या भाषेने तात्पुरते पांगळे मानले आणि त्याला गाडा दिला. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मराठी मुलखात रूढ होता, याविषयी शंका नको. वस्तू अर्थातच कोशाहून जुनी असणार. अशा वस्तूंना शिलालेख नसतात. मूल चालू लागले की गाडा शेजारच्या घरी जातो, तिथून पुढच्या, आणि शेवटी मोडला की चुलीत. संग्रहालयात पोचण्याआधी तो जळालेला असतो. लाकडी खेळण्यांच्या इतिहासाची ही पहिली अडचण आहे, आणि तिच्यावर उपाय नाही. आपल्याला शेजारच्या पुराव्यांवरून अनुमान करावे लागते.

त्यातला एक पुरावा आपल्या दख्खनमध्येच, प्रवरेच्या काठी, दायमाबादला मिळाला. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या : दोन बैल जुंपलेला आणि उभा सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. प्राण्यांच्या पायांखाली चाकांची आणि आखाची योजना आहे. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बहुतेकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, काहींनी धातूच्या मिश्रणाकडे बोट दाखवून शंका घेतली. एवढ्या जड वस्तू लेकरांच्या खेळण्यातल्या नव्हेत, त्या मिरवणुकीत ओढत असावेत, असा एक तर्क आहे आणि तो मला पटतो. पण चाके लावलेला प्राणी ओढून न्यायचा ही कल्पना ज्या कारागिराला सुचली, त्याने ती आधी कुठे तरी छोट्या, स्वस्त, मोडक्या रूपात पाहिलेली असणार. हडप्पा संस्कृतीच्या गावांतून मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि त्यांची चाके ढिगाने मिळाली आहेत. आपल्या अगदी जवळ, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथील लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या बाहुल्या आहेत. माती भाजली की टिकते. त्याच गावांतल्या सुतारांनी लाकडाचे काय काय केले असेल, ते मातीत मिसळून गेले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आठवल्यावाचून राहणार नाही. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीला ते घरच्यासारखे होते. नाटकाचे नावच मुळी खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आला आहे आणि दासीने करून दिलेल्या मातीच्या गाडीवर तो समजूत काढून घेत नाही. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते आणि सोन्याची गाडी करून घे म्हणते. पुढे तेच दागिने न्यायसभेत विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. वर्गात मी हे नाटक बावीस वर्षे शिकविले. दर वर्षी मी दागिन्यांवर बोललो. गाडी कुणी केली आणि तिची चाके फिरत होती की नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

चालायला शिकविणारा गाडा ही काही केवळ आपली मिरास नव्हे. नेदरलँड्समध्ये सुमारे १४४० साली चितारलेली एक प्रार्थनापोथी न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. क्लीव्हच्या कॅथरीन नावाच्या सरदारस्त्रीसाठी ती तयार झाली. तिच्यातल्या एका चित्रात मेरी मागावर विणते आहे, जोसेफ फळीवर रंधा मारतो आहे आणि बाळ येशू चाके लावलेल्या चौकटीत उभा राहून पावले टाकतो आहे. मी त्याचे छायाचित्र पाहिले तेव्हा बराच वेळ पाहत राहिलो. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवू. बाप सुतार आहे, काम चालू आहे, आणि त्याच्या पायाशी लेकरू त्यानेच केलेल्या गाड्यात चालायला शिकते आहे. आमच्या ओसरीत आणि या चित्रात फरक एवढाच की, आमच्याकडे माग नव्हता.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली गावे आपल्या चहूबाजूंना आहेत. उत्तर तेलंगणातले निर्मल, कृष्णाकाठचे कोंडापल्ली, कोप्पळ जिल्ह्यातले किन्हाळ, म्हैसूरच्या वाटेवरचे चन्नपट्टण, इकडे कोकणात सावंतवाडी. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढत नेतात. या सर्वांच्या मधोमध बीदर आणि कलबुर्गी आहेत, आणि आपल्याकडे मात्र खेळण्यांचे म्हणून नाव मिळविलेले एकही गाव नाही. बीदरची कीर्ती धातूवर आहे : जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची जडण करून, किल्ल्यातली माती वापरून त्याला काळा रंग देणारी बिदरी कला. लाकडाचे मोठे काम पाहायचे तर किल्ल्यातल्या रंगीन महालात जावे. बरीदशाहीतल्या अली बरीद शाहने (१५४२–१५८०) सजविलेल्या त्या महालातले कोरीव लाकडी खांब पाहताना, ते खांब करणाऱ्या सुताराच्या घरी लहान मूल असेल तर त्याने उरलेल्या ढलप्यांतून काय केले असेल, असा विचार माझ्या मनात येतो. हा इतिहास नव्हे, हे मान्य; पण इतिहासाने जे टिपले नाही त्याच्याकडे मान वळविण्याची ही एक रीत आहे.

आपल्याकडे खेळणे हा धंदा नव्हता, ते बलुत्याचे शेपूट होते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यात बलुतेदारांची जी उतरंड आहे तिच्यात सुतार थोरल्या ओळीतला, कारण त्याच्यावाचून पेरणी अडते. पण पांगुळगाडा बलुत्यात धरीत नसत. आमच्या गावी तरी रीत अशी होती की, घरात मूल उभे राहू लागले की आजी सुताराकडे यायची आणि “गाडा करून द्या” एवढेच सांगायची. तो मापाने, भावाने ठरत नसे. नारळ, खण किंवा पायलीभर दाणे, जे देईल ते. लाकूडही खास आणलेले नसे. गाडीच्या जुवाचा तुकडा, तिफणीच्या दांडीचे उरलेले टोक, मोडक्या बाजेचा पाया. मराठी, कानडी, मुसलमान, सगळ्यांच्या घरी अण्णांचे गाडे गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. औराद, भालकी, हुमनाबाद आणि बीदर म्हैसूर राज्यात. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. राज्यांची हद्द कुठून गेली हे अण्णांना फार उशिरा कळले. मात्र त्यांनी केलेले दोन गाडे हद्दीपलीकडच्या पाव्हण्यांकडे राहिले, एवढे त्यांच्या लक्षात होते.

हत्यारांच्या नावांत हा मिश्र प्रदेश अजून शाबूत आहे. आपला रंधा फारसी. काटकोन पाहण्याचा गुण्या आणि चिकटविण्याचा सरसही त्याच वाटेने आलेले. करवत मात्र संस्कृत ‘करपत्रा’ची नात. ज्याला आपण पटाशी म्हणतो त्याला शेजारचा कानडी सुतार उळी म्हणतो, आणि वाकसाला बाची. ही बाची मला आणखी एका कारणाने प्रिय आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती आपल्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, जे शरण जमले त्यांत एक सुतार होता. त्याचे नावच बाचीकायकद बसवय्या, म्हणजे बाची चालविण्याचे कायक करणारा बसवय्या. त्याने वचने रचली. हाताने लाकूड तासणारा माणूस आपल्या हत्याराच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच नावाने कवी म्हणून आठशे वर्षे टिकतो, हे आपल्या भूमीत घडले आहे. आमच्या घरापासून कल्याण एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. अण्णांनी मला हत्यारापासून दूर ठेवले, बसवय्याने ते नावातच घातले. दोघांपैकी कुणाचा निर्णय शहाणपणाचा हे ठरविण्याच्या भरीस मी पडत नाही. अण्णांच्या काळी खळ्यावर दाण्यांसाठी उभे राहणे काय असते, हे त्यांना ठाऊक होते.

हात आणि बुद्धी यांची ही फारकत शाळेने भरून काढावी, असा प्रयत्न विसाव्या शतकात झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. त्यांचा जन्म हैदराबादचा, म्हणजे आपल्या जुन्या राज्याच्या राजधानीतला. कताई-विणाई, शेती, बागकाम आणि त्यांच्या जोडीला सुतारकाम, असे मूलोद्योग समितीने मांडले. मुलाने वस्तू करावी आणि ती करताना गणित, भाषा, निसर्ग शिकावे, हा त्यातला गाभा. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच लाकूडकामातून शिक्षण देण्याची पद्धत बसविली होती. पहिल्या दिवसापासून मुलाने लहान का होईना, पण पुरी आणि उपयोगी वस्तू करावी, हा तिचा दंडक. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी काढली तेव्हा माँटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून परिसरात मिळेल त्या लाकूड, माती, बिया, शिंपल्यांतून साधने घडविली. या सर्वांची पुस्तके मी वाचली होती. परीक्षेत त्यांच्यावर प्रश्नही काढले होते.

गुरुजींनी आपल्या शाळेत हस्तव्यवसायाचा तास याच विचाराने चालविला होता. एक हिरवी पेटी होती. तिच्यात दोन करवती, एक रंधा, चार पटाश्या, एक गुण्या आणि कानसी. जुन्या विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. इतर मुले टकळी फिरवीत किंवा फळीचे पाट करीत, आणि मी? मी त्या तासाला गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवीत असे. माझे उच्चार स्वच्छ होते, मुलांना ऐकताना काम बरे वाटे आणि ही युक्ती मीच गुरुजींना सुचविली होती. गुरुजींनी एकदाच म्हटले, “तुझा पाट कधी होणार?” मी म्हटले, “पुढच्या वर्षी, गुरुजी.” तो पाट झाला नाही. आजच्या पांगुळगाड्याकडे त्या थकलेल्या बाकीचा हप्ता म्हणून पाहावे.

मागच्या श्रावणात नात दहा महिन्यांची झाली, खाटेला धरून उभी राहू लागली. बाजारात पाहिले तर मुलाला मध्ये बसवायचे प्लॅस्टिकचे गोल वॉकर. सूनबाईंनी मुलांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी साफ नको म्हटले. त्यात मूल पायऱ्यांवरून, चुलीकडे वेगाने जाते, अपघात होतात. कॅनडाने तर असे वॉकर २००४ सालीच बंद केले. मूल बाहेरून धरून ढकलते तो गाडा निराळा, लक्ष ठेवा म्हणजे झाले, असे त्यांचे मत पडले. मी त्याच संध्याकाळी जाहीर केले की गाडा मी करणार. घरात कुणी हसले नाही, यावरून त्यांना माझी किती काळजी वाटली असेल ते समजावे.

माझी पहिली चूक चाकापाशी झाली. चाक गोल, फांदीही गोल. तेव्हा फांदीच्या चकत्या कापल्या की चाके तयार, असा सुशिक्षित माणसाचा हिशेब मी केला. बाभळीची चार इंच जाडीची ओली फांदी मिळाली, तिच्या तीन सुरेख चकत्या दोन दिवस घाम गाळून कापल्या आणि खिडकीत ठेवल्या. आठव्या दिवशी तिन्ही चकत्या कडेपासून गाभ्यापर्यंत उलल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतार आहेत. यंत्रावर दारे-कपाटे करतात, त्यांचे वडील अण्णांच्या हाताखाली होते. त्यांना त्या दाखविल्या. ते म्हणाले, “सर, चकती उलणारच. लाकूड घेरात जास्त आटतं, गाभ्याकडं कमी. ताण सुटायला जागाच नाही. चाक फळीतनं काढा, फांदीतनं नाही.” आणि मग सहज म्हणाले, “लाकूड आजून जागं होतं.”

हे वाक्य मी ओळखले. ते अण्णांचे होते. माझ्या प्रबंधात ते नोंदलेले आहे, आणि त्यापुढे मी कंसात लिहिले आहे : लाक्षणिक प्रयोग, काव्यात्म. तज्ज्ञ परीक्षकांनी त्या नोंदीचे कौतुक केले होते. अण्णा काव्य करीत नव्हते. कापल्यावरही ओले लाकूड हलते, आटते, फिरते. ते झोपेपर्यंत त्याला हात लावू नये, असा तो सरळ तांत्रिक इशारा होता.

मग सुतारांनी जुन्या दरवाजाची सागवानी फळी दिली. ती पन्नास वर्षे निजलेली. चाक काढण्याची त्यांनी सांगितलेली रीत इथे देतो, कारण कुणा आजोबांना उपयोगी पडेल. आधी मध्य ठरवावा, तिथे बारीक भोक पाडावे आणि त्याच भोकातून कंपासने वर्तुळ काढावे. मी आधी चाक गोल करून मग मध्य शोधायला गेलो होतो. ते चाक एका फेऱ्यात एकदा उडी मारी. वर्तुळाभोवती चौकोन कापावा, चौकोनाचे कोपरे छाटून अष्टकोन, अष्टकोनाचे छाटून सोळा बाजू, आणि मग कानशीने गोलाई. गोल वस्तू सरळ कापांनीच होते, ही भूमिती मला शाळेत पाठ होती आणि हातांना अगदी नवी होती. खिळे वापरू नयेत, बांबूच्या खुंट्या वापराव्यात. खिळा पुढे सैल होतो आणि लेकराचे बोट शोधतो. प्रत्येक कड पॉलिश कागदाने घासून मऊ करावी. रंग देऊ नये, कारण मूल दांडा चावणार हे गृहीत धरावे आणि रंगात शिसे असू शकते. जवसाचे कच्चे तेल फडक्याने चोळावे, चार-पाच दिवस वाळू द्यावे. चाक आणि आख यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढीच फट हवी. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाशी जी खीळ घालतात तिला आमच्याकडे कुणी म्हणतात. ती तिरपी बसवावी.

दीड महिन्याने गाडा उभा राहिला. पुढे एक चाक, मागे दोन, त्रिकोणी बैठक, आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर दीड फूट उंचीवर आडवी मूठ. दिसायला इतका देखणा की मी त्याचा फोटो मुलाला पाठविला. नातीला देण्याआधी सुतारांच्या सांगण्यावरून मुठीवर पाच किलो ज्वारीची पिशवी बांधून ती जरा मागे ओढली. गाडा मागच्या मागे उलटला. पुन्हा उभा केला, पुन्हा उलटला. मूल उभे राहताना मुठीला खाली आणि आपल्याकडे ओढते, ढकलत नाही. पिशवीच्या जागी नात असती, या विचाराने माझे हात थंड पडले.

त्या रात्री मी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरविली. प्रबंधाची पत्रे तिच्यात चाळीस वर्षे होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. ‘पांगुळगाडा’ या शब्दाचे पत्र मिळाले. वर शब्द, लिंग, व्युत्पत्ती, समानार्थी शब्द, सगळे माझ्या वळणदार अक्षरात. तळाशी, बारीक पेन्सिलीने, अण्णांचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतलेले : “मागलं चाक मुठीच्या मागं, चार बोटं. आन् चाकाला वंगण नाय. गाडा कुरकुरला पायजे.” त्यावर मी लाल शाईने एक रेघ मारली होती आणि शेजारी लिहिले होते : तांत्रिक तपशील, गाळावा.

मित्रहो, संशोधक म्हणून मी अनेकांच्या प्रबंधांत उणिवा दाखविल्या आहेत. माझ्या प्रबंधातली ही उणीव कोणत्याही परीक्षकाला दिसली नाही, कारण ती ज्याला दिसली असती तो परीक्षकांच्या मंडळावर नव्हता. तो बाजेखाली बसून लाकूड तासत होता. मी त्यांचे शब्द घेतले आणि त्या शब्दांना ज्या कामाने अर्थ आला होता ते काम रेघ मारून काढून टाकले. आपल्या लोकसाहित्याच्या आणि लोकभाषेच्या अभ्यासात अशा लाल रेघा किती असतील, याचा अंदाज मी करू धजत नाही. नव्या संशोधकांना मात्र विनंती आहे की, पत्रे फेकू नका. आणि निवेदक जे सांगतो ते एकदा करून पाहा.

चार बोटांचा हिशेब लागला. मागची चाके मुठीच्या मागे नेली की, मूल स्वतःचे वजन मुठीवर टाकते तेव्हाही तो भार चाकांच्या पुढेच, बैठकीच्या आत पडतो आणि गाडा उलटत नाही. मूल दोन चाकांच्या मध्ये उभे राहते. म्हणून मागे सलग आख चालत नाही, पायाला लागतो. दोन्ही चाकांना आखाचे स्वतंत्र खुंट लागतात. वंगण का नको, हेही उलगडले. चाक सहज फिरले की गाडा पळतो आणि मूल तोंडावर पडते. चाक जरा अडले पाहिजे. आणि कुरकुर? ती आईसाठी. चुलीपाशी पाठमोरी बसलेल्या बाईला आवाजावरून कळते की लेकरू कुठवर गेले. आवाज थांबला की मान वळवायची. आमच्या लहानपणी गल्लीतून येणारी ती कुरकुर मला गाड्याचा दोष वाटत असे.

दुसरा गाडा तीन आठवड्यांत झाला. पिशवीच्या परीक्षेत उतरला. नातीने पहिले दोन दिवस तो आडवा पाडून चाक फिरवीत बसणे पसंत केले, तिसऱ्या दिवशी मूठ धरली आणि उंबऱ्यापर्यंत नेला. आता ती चालते, गाडा दाराआड पडून आहे आणि गल्लीतल्या एका घरी पाळण्यात वाढणाऱ्या पाहुण्याने त्याच्यावर हक्क सांगून ठेवला आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि ते सुतार, कुंभार, माळी यांच्यापाशी घालवावेत, असे सुचविले आहे. सूचनेचे पुढे काय होते ते होवो. आपल्या शाळेला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. हिरव्या पेटीची मी चौकशी केली. ती अजून आहे, भांडारात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली. रंध्याचे पाते गंजले आहे, दोन पटाश्यांना मुठी नाहीत, बाकी ठीक. गल्लीतल्या त्या सुतारांनी शनिवारी दोन तास यायचे कबूल केले आहे. मुख्याध्यापकांनी एवढेच पाहावे की, त्या तासाला चांगले उच्चार असलेल्या कुणा मुलाला पुस्तक वाचायला बसवू नये.

बालवर्गासाठी मी तिसरा गाडा करून आणला आहे. तो व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी ठेवला आहे. कार्यक्रम संपल्यावर अवश्य ढकलून पाहावा. डावे चाक किंचित लंगडते. त्याचा मध्य काढताना मी चष्मा लावलेला नव्हता. कुरकुर मात्र चांगली येते.